पडद्यावरचा तपास आणि दप्तरातला तपास : रामन राघव प्रकरणाचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या परिसरात इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकास 'इतिहासाची साधने' हा घटक शिकविताना एक अडचण नेहमी जाणवते. ताम्रपट, बखर, पत्रव्यवहार यांविषयी विद्यार्थी निमूटपणे टिपणे घेतात. परंतु स्वतःचे मत असणारा, वाद घालणारा विद्यार्थी या घटकात क्वचितच भेटतो. काही वर्षांपूर्वी समकालीन साधनांचे उदाहरण म्हणून प्रस्तुत लेखकाने वर्गात मुंबईच्या रामन राघव प्रकरणाचा उल्लेख केला आणि वर्ग एकदम जागा झाला. बहुतेकांनी त्या नावाचा चित्रपट मोबाईलवर पाहिलेला होता. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, एवढे खून करून त्याला फाशी का झाली नाही?" दुसऱ्याने सांगितले की त्याला पकडणारा पोलीस अधिकारीच नशेबाज व खुनी होता. तिसऱ्याने ४१ हा आकडा सांगितला.

या तीन विधानांपैकी पहिला प्रश्न अत्यंत योग्य आहे, दुसरे विधान निखालस काल्पनिक आहे आणि तिसरे अर्धे खरे आहे. तथापि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या तिन्हींचा उगम एकच, तो म्हणजे पडदा. एकेकाळी गावच्या जत्रेत तंबूत येणारा सिनेमा लोक सिनेमा म्हणूनच पाहत. आज तोच सिनेमा माहितीचे साधन म्हणून वापरला जातो, ही बदललेली परिस्थिती इतिहासाच्या अध्यापकाने दुर्लक्षून चालणार नाही. म्हणून मालिका खून आणि त्यांचा माग काढणारा तपास अधिकारी या विषयावरील मनोविश्लेषणात्मक थरारपटांकडे पाहताना मूळ प्रकरणाच्या नोंदी काय सांगतात, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, पडद्यावर तपास अधिकारी आणि खुनी यांच्यात मनाचे द्वंद्व चालते. प्रत्यक्षात मात्र खुनी सापडला तो फाईल, छायाचित्र व बोटांचे ठसे यांमुळे, आणि त्याच्या मनाचा प्रश्न पोलिसांनी नव्हे तर डॉक्टर व न्यायाधीश यांनी, अटकेनंतर पुष्कळ काळाने, हाताळला. चित्रपटांनी जो भाग गाळला तोच या प्रकरणातील खरा ऐतिहासिक भाग होय.

हल्ल्यांचे दोन टप्पे

मुंबईतील हे हल्ले दोन टप्प्यांत झाले. पहिला टप्पा १९६५-६६ चा. जुन्या जी.आय.पी. म्हणजे नंतरच्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत पूर्व उपनगरांत रात्री झोपलेल्या माणसांवर हल्ले होऊ लागले. या काळात १९ जणांवर हल्ला झाल्याची व त्यांपैकी ९ जण मरण पावल्याची नोंद आढळते. हल्ल्याची पद्धत जवळजवळ सारखी होती. रात्रीची वेळ, झोपलेला माणूस, डोक्यावर कठीण व बोथट वस्तूचा प्रहार. बळी पडणारे लोक झोपडपट्टीत अथवा पदपथावर राहणारे होते. चोरीचा हेतू मानावा तर त्यांच्याजवळ चोरण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि वैर मानावे तर हल्लेखोर व मृत यांचा एकमेकांशी कसलाही संबंध आढळत नव्हता. गुन्ह्याच्या तपासात पोलीस ज्या दोन धाग्यांना प्रथम हात घालतात, म्हणजे हेतू आणि ओळख, ते दोन्ही येथे उपलब्ध नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. 'सिरीयल किलर' ही संज्ञा आज शाळकरी मुलांनाही परिचित असली, तरी ती रूढ झाली अमेरिकेत व तीही १९७० च्या दशकानंतर. १९६६ च्या मुंबई पोलिसांजवळ असा शब्द नव्हता. शब्द नसला की स्वतंत्र घडलेल्या घटना एका सूत्रात ओवणेही अवघड जाते. वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांच्या हद्दींत घडलेले खून हे त्या त्या ठाण्याचे वेगवेगळे गुन्हे असतात. त्यांना एकच प्रकरण म्हणून पाहण्यासाठी कोणीतरी त्या सर्व फाईली एका टेबलावर आणाव्या लागतात.

याच पहिल्या टप्प्यात रामन राघव पोलिसांच्या हाती लागला होता. त्या भागात भटकताना तो संशयावरून पकडला गेला. तो पोलिसांना नवा नव्हता. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पाच वर्षे तुरुंगवास भोगलेला होता व त्याच्या नावाची फाईल अस्तित्वात होती. परंतु त्याला हल्ला करताना पाहिलेला एकही माणूस मिळेना. साक्षीदार नाही, म्हणून पुरावा नाही, म्हणून त्याला सोडून देण्यात आले. आज या घटनेकडे मागे वळून पाहताना पोलिसांना दोष देणे फार सोपे आहे. वर्गातही नेमका हाच सूर निघाला. पण त्या क्षणी जे ठाऊक होते तेवढ्यावरच त्या क्षणीच्या निर्णयाचे मोजमाप करावे, ही इतिहासलेखनाची प्राथमिक अट आहे. शिवाय केवळ संशयावर माणसाला अडकवून ठेवले नाही ही गोष्ट कायद्याच्या दृष्टीने चूक म्हणता येत नाही. त्या निर्णयाची किंमत मात्र पुढे इतरांनी मोजली, हेही तितकेच खरे आहे, आणि या दोन विधानांचा मेळ घालता येत नाही.

दुसरा टप्पा १९६८ च्या पावसाळ्यातला. ऑगस्ट महिन्यात उत्तरेकडील उपनगरांत पुन्हा तशाच पद्धतीने झोपडीत झोपलेली माणसे मारली जाऊ लागली. मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी तपासाची सूत्रे हाती घेतली. त्यांनी जे केले ते चित्रपटाच्या दृष्टीने अगदी नीरस आहे. जुन्या टप्प्यातील प्रकरणे नव्या प्रकरणांच्या शेजारी ठेवण्यात आली, जुन्या संशयितांचे दप्तर पुन्हा उघडण्यात आले, छायाचित्रे व वर्णने पोलीस ठाण्यांत वाटण्यात आली आणि शहरभर मोठ्या प्रमाणावर गस्त व झडतीची मोहीम राबविण्यात आली.

या ठिकाणी आपल्या भागातील वाचकांसाठी एक अवांतर नोंद करावीशी वाटते. गळीत हंगामात भवानीनगर, माळेगाव किंवा सोमेश्वरनगरच्या वाटेने जाताना रस्त्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसतात. पाचटाच्या भिंती, दाराच्या जागी एखादे लुगडे किंवा गोणपाट. १९६८ मध्ये मालाड व गोरेगावच्या आसपास ज्या झोपड्यांत हे हल्ले झाले, त्यांना कडी लावण्याजोगे दार बहुधा नव्हतेच. थरारपटात भय हे बंद दाराआडचे असते. येथील भय दारच नसलेल्या घरांचे होते. त्यामुळे 'मुंबई शहर भयभीत झाले' हे नेहमी वापरले जाणारे वाक्यही थोडे जपूनच वापरले पाहिजे. शहराचा जो भाग उघड्यावर झोपत होता तो सर्वाधिक भयभीत झाला आणि नोंदींत त्याचा आवाज सर्वांत कमी उमटला आहे.

डोंगरीतील अटक आणि कबुली

दि. २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी पोलीस ठाण्याचे उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांना रस्त्याने जाणारा एक माणूस दिसला. खाकी अर्धी चड्डी, निळा सदरा. छायाचित्र व वर्णन यांवरून त्यांना संशय आला. फियाल्हो यांनी पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, त्या माणसाच्या हातातील छत्री ओली होती आणि दक्षिण मुंबईत त्या वेळी पाऊस नव्हता. कोठून आलास असे विचारता त्याने मालाडकडील ठिकाणाचे नाव सांगितले. दोन पंचांसमक्ष त्याची झडती घेण्यात आली. त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी पाहण्यासारखी आहे. एक चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची भुकटी आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कपड्यांवर रक्तासारखे डाग होते. बोटांचे ठसे जुन्या फाईलशी ताडून पाहिले असता सिंधी दलवाई, तळवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशी अनेक नावे धारण करणारा हा माणूस रामन राघवच असल्याचे सिद्ध झाले.

एवढ्या गाजलेल्या तपासाचा निर्णायक क्षण हा असा आहे. त्यात मनोविश्लेषण नाही, खुन्याने सोडलेले गूढ संकेत नाहीत, अधिकाऱ्याला पडलेले स्वप्न नाही. दोन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या माणसाच्या ठशांचा कागद दप्तरात नीट जपून ठेवलेला होता आणि एका कनिष्ठ अधिकाऱ्याने छत्रीकडे लक्ष दिले, इतकेच. प्रस्तुत लेखकाला हा भाग कोणत्याही चित्रपटापेक्षा अधिक रोमांचक वाटतो. अर्थात दप्तरे चाळण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या आवडीनिवडीवर फार विसंबू नये.

अटकेनंतर तो बराच काळ काहीच बोलेना. पुढे त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर आणखी काही किरकोळ वस्तू मागितल्या, आणि मग तो बोलू लागला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते व ती चित्रपटकारांनाही फार आवडली. त्याहून महत्त्वाची बाब ही की, त्याने पोलिसांना सोबत नेऊन ठिकठिकाणची माहिती दिली व लपवून ठेवलेला लोखंडी आकडा काढून दिला. त्यानंतर त्याचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यांसमोर रीतसर नोंदविण्यात आला. तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्यानुसार पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे. परंतु त्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर माहितीचा तेवढा भाग पुरावा ठरत असे. त्यामुळे कोंबडीपेक्षा आकडा महत्त्वाचा. लोककथेत नेमके याच्या उलट घडले आहे.

एकेचाळीस, नऊ आणि दोन

या प्रकरणात संख्येचा प्रश्न साधनचिकित्सेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पहिल्या टप्प्यात आपण ४१ माणसे मारली व दुसऱ्या टप्प्यात आणखी सुमारे डझनभर, असे रामन राघवने स्वतः सांगितले. पहिल्या टप्प्याच्या पोलीस नोंदीत १९ हल्ले व ९ मृत्यू आहेत. खटला मात्र मालाडजवळील एका वस्तीत झालेल्या दोन खुनांसाठी चालला व शिक्षाही त्या दोनच खुनांसाठी झाली.

आज कोठेही हे नाव वाचले तरी सोबत ४१ हा आकडा येतो आणि तो सिद्ध झालेल्या वस्तुस्थितीसारखा येतो. वस्तुतः तो ज्या माणसाच्या तोंडून आला त्याच्या मनाच्या स्थितीविषयीच पुढे दोन वर्षे वाद चालला. त्याने सांगितलेले बाकीचे काही आपण खरे मानीत नाही. आकडा तेवढा मानतो. ९ ही संख्या प्रशासकीय नोंदीची आहे व तिच्यात काही मृत्यू सुटलेले असण्याचा संभव आहे, कारण पदपथावरच्या प्रत्येक मृत्यूची नीट चौकशी होतेच असे नाही. २ ही संख्या न्यायालयात पुराव्यानिशी शाबीत झालेली आहे व ती सर्वांत लहान आहे. बखरीतील सैन्यसंख्या आणि हिशेबाच्या कागदातील सैन्यसंख्या यांतील तफावत शिकविताना आपण जे सांगतो, तेच येथे लागू पडते.

न्यायालय आणि मन

आता वर्गातील पहिल्या प्रश्नाकडे वळू. फाशी का झाली नाही? खरे उत्तर असे की, फाशीची शिक्षा झाली होती.

खटला १९६९ च्या जूनमध्ये सत्र न्यायालयात उभा राहिला. आरोपी भ्रमिष्ट असल्याने स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे, असा अर्ज बचाव पक्षाच्या वकिलांनी केला. न्यायालयाने त्याला पोलीस सर्जनकडे निरीक्षणासाठी पाठविले. सुमारे महिनाभराच्या निरीक्षणानंतर अभिप्राय आला की, आरोपीस मनोविकार नाही, त्याची स्मरणशक्ती चांगली आहे आणि कायद्याच्या दृष्टीने तो वेडा ठरत नाही. खटला पुढे चालला. बचावासाठी नायर रुग्णालयातील एका मनोविकारतज्ज्ञांनी त्याला आर्थर रोड तुरुंगात तपासले व त्याला दीर्घकालीन संशयविभ्रमी छिन्नमनस्कता असल्याची साक्ष दिली. आपण माणसे मारीत आहोत हे त्याला कळत होते, परंतु ते कायद्याविरुद्ध आहे हे समजण्याची त्याची क्षमता नव्हती, असे त्यांचे म्हणणे. सत्र न्यायालयाने हे मत स्वीकारले नाही व देहान्त शिक्षा सुनावली. आरोपीने अपील करण्यास नकार दिला.

अपील नसले तरी देहान्त शिक्षेला उच्च न्यायालयाची मान्यता घ्यावीच लागते, ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत तेव्हाही होती व पुढेही कायम राहिली. या एका तरतुदीमुळे प्रकरण पुन्हा उघडले. उच्च न्यायालयाने मुंबईच्या सर्जन जनरलना तीन मनोविकारतज्ज्ञांचे विशेष मंडळ नेमण्यास सांगितले. मंडळाने त्याची पाच वेळा, प्रत्येक वेळी सुमारे दोन तास, मुलाखत घेतली. या मुलाखतींतून जे जग पुढे आले ते कोणत्याही पटकथेत नाही. त्याच्या मते जगे दोन होती. एक 'कानून'चे व दुसरे हे आपले. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी होता. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी निरोपासाठी हात पुढे केला तेव्हा त्याने तो हातात घेण्यास नकार दिला. या दुष्ट जगातील माणसांना आपण शिवत नाही, हे त्याचे कारण. देशात अकबर सरकार, ब्रिटिश सरकार व काँग्रेस सरकार अशी तीन सरकारे एकाच वेळी चालू आहेत आणि ती तिन्ही आपल्या मागे लागली आहेत, अशीही त्याची दृढ समजूत होती.

इतिहासाच्या प्राध्यापकाने या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावे. मोगल, ब्रिटिश, काँग्रेस ही आपल्या पाठ्यपुस्तकातील प्रकरणांचीच अनुक्रमणिका आहे. फक्त त्या माणसाच्या मनात पहिले प्रकरण संपून दुसरे सुरू झालेच नव्हते. सत्ता कोणाचीही असो, ती आपल्या पाठलागावर असते, असा अनुभव असलेल्या एका बेघर माणसाच्या भ्रमाला इतिहासाचा हा आकार मिळावा, यातून काही मोठा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. मंडळाने त्याला आजार म्हटले आणि ते आजाराचेच लक्षण होते.

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२) सांगते की, मनोविकलतेमुळे आपल्या कृत्याचे स्वरूप अथवा ते चूक किंवा कायद्याविरुद्ध असल्याचे जाणण्यास जो असमर्थ आहे, त्याने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही. या कलमाचे मूळ १८४३ च्या इंग्लंडमधील मॅकनॉटन खटल्यात आहे. डॅनियल मॅकनॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सचिवाला गोळी घातली. टोरी पक्षाचे लोक आपला छळ करीत आहेत ही त्याची समजूत होती. म्हणजे ज्या खटल्यातून हा कायदा जन्मला, त्यातील आरोपीही सरकारपक्ष आपल्या पाठीशी लागला आहे असेच मानत होता. मॅकनॉटन निर्दोष सुटला व उरलेले आयुष्य वेड्यांच्या रुग्णालयात राहिला. रामन राघवला कलम ८४ चा तसा पूर्ण लाभ मिळाला नाही. दोषसिद्धी कायम राहिली. मात्र असाध्य मनोविकाराच्या कारणाने उच्च न्यायालयाने देहान्ताऐवजी जन्मठेप दिली. तो पुण्याच्या येरवडा कारागृहात राहिला, पुण्यातच त्याच्यावर मानसोपचार झाले, १९८७ मध्ये तो बरा होण्यासारखा नाही यावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्याचा मृत्यू झाला.

तपासाला सारे मिळून दोन-तीन आठवडे लागले. त्याच्या मनाचे काय करावे, हा प्रश्न व्यवस्थेने पुढे सव्वीस वर्षे वागविला.

पडद्यावर काय आले

श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये या प्रकरणावर सुमारे सत्तर मिनिटांचा नाट्यपूर्ण माहितीपट केला. राघवन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. रघुवीर यादव यांनी त्यात खुन्याची भूमिका केली. हा चित्रपट चित्रपटगृहांत कधी लागला नाही. पुष्कळ वर्षे तो चित्रपटप्रेमींच्या वर्तुळातच फिरत राहिला. त्यात अटक, चौकशी व जबानी यांचा क्रम बऱ्याच अंशी मूळ घटनांना धरून आहे, आणि अधिकारी हा अधिकारीच राहतो. खुन्याइतकाच तो अंधारलेला असावा अशी गरज तेव्हा दिग्दर्शकाला वाटली नव्हती.

अनुराग कश्यप यांचा २०१६ चा चित्रपट याहून वेगळ्या जातीचा आहे. आधी तो १९६० च्या दशकातील मुंबई उभी करून काढण्याचा विचार होता. खर्चाच्या अडचणीमुळे कथानक वर्तमानात आणले गेले, असे दिग्दर्शकाने जाहीरपणे सांगितले आहे. चित्रपटाच्या प्रारंभीच खऱ्या रामन राघवचा उल्लेख करून हा चित्रपट त्याच्याविषयी नाही असे स्पष्ट केले आहे. (विद्यार्थ्यांनी ती पाटी वाचलेली नव्हती. पाट्या कोणी वाचत नाही.) नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा रामण्णा आणि विकी कौशल यांचा पोलीस अधिकारी राघवन ही मूळ नावाचीच दोन शकले आहेत, आणि दोन्ही मिळून एकच मन पूर्ण होते ही चित्रपटाची कल्पना आहे. कलाकृती म्हणून ती प्रभावी आहे हे मान्य करावे लागेल. रामण्णा स्वतःहून पोलिसांपुढे येऊन खुनांची कबुली देतो व पोलीस त्याच्यावर विश्वास ठेवीत नाहीत, हा प्रसंग १९६६ च्या सुटकेचीच उलटी प्रतिमा म्हणता येईल. पण एक फरक महत्त्वाचा आहे. चित्रपटात त्याला गमावले जाते ते पोलिसांच्या बेपर्वाईमुळे. १९६६ मध्ये तो सुटला तो पुराव्याच्या अभावी, म्हणजे नियम पाळल्यामुळे. दुसरी शक्यता अधिक अस्वस्थ करणारी आहे आणि थरारपटाला ती पेलत नाही.

न्यायालय तर या चित्रपटात जवळजवळ नाहीच. हे याच चित्रपटाचे वैशिष्ट्य नव्हे. फ्रिट्झ लांग यांच्या १९३१ च्या जर्मन चित्रपट 'एम' मध्ये बर्लिनचे गुन्हेगारच बालहत्या करणाऱ्याला पकडून त्याच्यावर खटला भरतात, आणि तो आपल्याला हे करावेच लागते, आपल्या हाती नसते, असे ओरडून सांगतो. तो प्रसंग कलम ८४ चाच प्रश्न मांडतो. त्यानंतरच्या थरारपटांनी सामान्यतः अटकेपाशी किंवा चकमकीपाशी थांबणे पसंत केले. याला सन्माननीय अपवाद म्हणजे कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा २००३ चा 'मेमरीज ऑफ मर्डर'. ग्रामीण भागात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या खुनांचा तपास करणारे पोलीस त्यात दिसतात. ते माणसे मारून-झोडून कबुल्या घेतात आणि तरीही हरतात. खरा गुन्हेगार २०१९ मध्ये डीएनएच्या आधारे निष्पन्न झाला. त्याच मालिकेतील एका खुनासाठी दुसऱ्याच माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगवास भोगला होता व २०२० मध्ये फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला. १९६६ मध्ये साक्षीदाराशिवाय माणूस सोडला म्हणून हळहळणाऱ्यांनी हे दुसरे उदाहरणही शेजारी ठेवावे.

रमाकांत कुलकर्णी यांच्याविषयी एक पूरक बाब. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या लालसेतून झालेल्या खुनांच्या तपासातही त्यांचा प्रमुख सहभाग होता. त्यावरील मराठी मालिका २०२४ मध्ये आली व आशुतोष गोवारीकर यांनी त्यांची भूमिका केली. तेथेही कटाचे सूत्रधार म्हणून ज्यांची नावे गाजली, त्यांच्यावरील दोष वरिष्ठ न्यायालयांत टिकला नाही. हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येरवड्याच्या भिंतीआड

पुणे जिल्ह्यातील वाचकाला या संदर्भात जोशी-अभ्यंकर खून खटला आठवल्यावाचून राहणार नाही. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. त्यांत संस्कृतचे ज्येष्ठ विद्वान काशिनाथशास्त्री अभ्यंकर व त्यांच्या घरातील चौघे होते. हा काळ जवळजवळ पूर्णपणे आणीबाणीचा आहे, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. गल्लोगल्ली पहारे बसले, संध्याकाळनंतर रस्ते ओस पडू लागले, परंतु गुन्हेगार सापडले ते नदीत टाकलेला शेवटचा मृतदेह वर आल्यामुळे आणि मित्रमंडळींच्या जबान्या एकमेकांशी जुळेनाशा झाल्यामुळे. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शहा हे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना देहान्त शिक्षा सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली.

राजदत्त यांनी १९८६ मध्ये या प्रकरणावर बेतलेला 'माफीचा साक्षीदार' काढला. नाना पाटेकर त्यात प्रमुख भूमिकेत होते. या चित्रपटाचे नाव ना खुन्याचे आहे, ना तपास अधिकाऱ्याचे. ते फौजदारी प्रक्रियेतील एका संज्ञेचे आहे. खटला कशाच्या बळावर उभा राहिला हे त्या नावातूनच कळते, आणि मराठी प्रेक्षकाने ते बोजड न मानता स्वीकारले.

या चौघांच्या बाबतीत मनोविकाराचा प्रश्न आला नाही. ते शिकलेले होते, योजना करीत होते, पुरावे नष्ट करीत होते आणि लुटीची वाटणी करीत होते. थरारपटाला हवे असलेले विकृत मन शोधायचे तर ते येथे शोधावे लागते, आणि न्यायालयाला ते येथे आढळले नाही. ज्या येरवडा कारागृहात हे चार शहाणे तरुण फासावर गेले, त्याच कारागृहाच्या नोंदींत रामन राघव हा जन्मठेपेचा कैदी होता. एकाच दंड संहितेचे हे दोन निकाल वर्गात शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचे समाधान झाले असे म्हणता येणार नाही. "म्हणजे वेडा असला की वाचतो," असे तो म्हणाला. सव्वीस वर्षे तुरुंग व रुग्णालय यांच्यामध्ये राहणे याला वाचणे म्हणावे काय, असे विचारल्यावर तो गप्प बसला, पण पटले म्हणून नव्हे.

यंदा तोच घटक शिकविताना फळ्यावर ४१, १९, ९ आणि २ असे आकडे लिहिले आणि प्रत्येक आकडा कोणत्या साधनातून आला ते शोधण्यास सांगितले. इंदापूरकडून रोज एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने वजाबाकी करून विचारले की, १९ जणांवर हल्ला झाला व ९ मेले, तर उरलेले दहा जण कोठे गेले, आणि त्यांना कोणी काही विचारले होते का?